सेन्सरचा दिवा आणि आतला लाल झिरो

पुलगावच्या नणंदबाईंचा परवा फोन आला. "वहिनी, ते माणूस आला की आपोआप लागणारे लाइट तुमच्याकडे आहेत ना? कामाचे आहेत का? आम्ही घेऊन रायलो." मी आधी म्हटलं आहेत, मग म्हटलं नाहीत, आणि तेवढ्यात वरण बुडाला लागल्याचा वास आला म्हणून फोन ठेवला. दोन वर्षांत आम्ही दोन प्रकारचे दिवे लावले, तीनदा जागा बदलल्या, घरी एक चोरी झाली आणि एक होता होता राहिली. हे सगळं फोनवर मावत नाही, म्हणून लिहिते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलापासून फार लांब नाही. घर गावाच्या कडेला. समोर आंगण, आंगणाला तुराट्यांचं कुंपण आणि लोखंडी फाटक. डावीकडे ढोरांचा कोठा, मागे सांदवाडी म्हणजे परसदार, आणि संडास-बाथरूम सांदवाडीच्या टोकाला. त्यापलीकडे नाला आणि मग शेतंच शेतं. म्हणजे समोरून यायला एक रस्ता आणि मागून यायला सगळे.

दिवाळीपासून आमच्या समोरच्या खोलीत माणसं बसत नाहीत, कापूस बसतो. २०२१-२२ च्या हंगामात भाव दहा हजारांच्या वर गेला होता. तेव्हापासून गावात ज्याला त्याला वाटतं, थोडं थांबलं की भाव चढतो. २०२३ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता ७,०२० रुपये, आणि व्यापारी दारात उभा राहून त्याच्याही खाली मागत होता. म्हणून एकोणीस क्विंटल कापूस खोलीत, पार छताला टेकलेला. त्यातले किडे चावतात, लेकरांच्या अंगाला खाज सुटते, रात्री उंदीर खुडखुड करतात. तरी वर्षाची कमाई ती. आणि नेमक्या त्याच दिवसांत हरभऱ्याचं, गव्हाचं ओलीत, म्हणजे पाणी देणं. शेतीची लाइन आठवड्यातले काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हे जेवण करून बॅटरी आणि काठी घेऊन वावरात जातात, ते पहाटेच येतात. घरात मी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, दोन लेकरं आणि खोलीभर कापूस.

त्या डिसेंबरात आमच्याच ओळीतल्या एका घरच्या छपरीतून सोयाबीनची चार पोती गेली. त्याच्या आठ-दहा दिवस आधी दुसऱ्या एकाच्या दोन शेळ्या गेल्या होत्या. त्या बिबट्याने नेल्या की माणसाने, यावर गावात दोन पक्ष होते. पोलीस पाटलांनी सगळ्यांना बोलावलं. ग्रामसुरक्षा दलाची गस्त सुरू करू म्हणाले, आणि ज्याने त्याने आपल्या घरासमोर दिवा लावावा. गस्त आठ रात्री चालली, मग थंडी वाढली. दिवा लावायचं मात्र आमच्या मनात राहिलं.

तसा दिवा आमच्याकडे होताच. छपरीत दोनशे वॅटचा जुना पिवळा बल्ब, सासऱ्यांच्या वेळचा. रात्रभर ठेवला तर रोजचे जवळजवळ अडीच युनिट. महिनाभर जाळला आणि सहा रुपये युनिट धरलं, तर चारशेच्या वर. म्हणून तो फक्त पाहुणे आले आणि गाय व्यायली की लागायचा. "सेन्सरचा घेतला तर बिल येत नाही," असं जो तो सांगत होता. हा हिशेब मी नंतर वहीत मांडून पाहिला, आणि ताई, हे तुम्हाला पहिल्यांदा सांगते: नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब बारा तास जळला तरी महिन्याला सव्वातीन युनिटच होतात. वीस रुपये. सेन्सर लावून त्यातले पंधरा वाचतील, आणि सेन्सर स्वतःही रात्रंदिवस थोडी वीज खातच असतो. तेव्हा बिलासाठी घ्यायचा असेल तर घेऊच नका. साधा एलईडी लावा आणि झोपा.

आम्ही मात्र बिलासाठीच घेतला. पहिला दिवा सोलरचा, मोबाईलवरून मागवलेला, साडेचारशेचा. डब्यावर शंभर एलईडी छापलेले. वायर नाही, वायरमन नाही, दोन स्क्रू मारले की झालं. आत्याबाईंनी तो लागताना-विझताना पाहिला आणि म्हणाल्या, "चोराले अंधारात दिसत नसन म्हणून लाइट लावून देता का त्याले?" आम्ही हसलो. त्या काय म्हणत होत्या ते मला वर्षभरानंतर कळलं.

सोलरच्या दिव्याचं लवकर संपवते. पहिले काही दिवस चांगला चालला. पण यांनी तो छपरीच्या वळचणीखाली लावला होता, उत्तरेकडे तोंड करून. फाटक तिकडे, म्हणून दिवा तिकडे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, तेव्हा त्याच्या पाटीवर ऊन असं पडायचंच नाही. त्यात कुटाराची धूळ. मी दर रविवारी ओल्या फडक्याने पुसत होते. जुलैत झड लागली आणि चार दिवस सूर्य दिसला नाही, तर दिवा रात्री नऊला लागून दहाला मेलेला. आत बोटाएवढा सेल असतो, तो किती साठवणार? दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी तो फुगला. ताई, वावरातल्या कोठ्यावर वीज नसेल तर सोलरचा दिवा ठीक आहे, त्याला ऊन लागेल असा लावा. घरी लाइन असेल तर नका घेऊ.

दुसरा दिवा वायरीचा. वर्ध्याहून वेगळा सेन्सर आणला, पांढऱ्या टिकलीसारखा फुगीर डोळा असलेला. साडेतीनशे रुपये. होल्डर, बल्ब, वायर आणि वायरमन पोराची मजुरी धरून आठशेपर्यंत गेले. पोराने तो मोठ्या हुशारीने धाब्याच्या खाली, बारा-तेरा फूट उंच लावला. म्हणे चोराचा हात पोचायला नको. खाली तीन बारीक चकत्या होत्या, स्क्रूड्रायव्हरने फिरवायच्या. एक किती वेळ लागून राहायचा त्याची, एक किती अंधार पडल्यावर लागायचा त्याची, आणि एक किती लांबचं टिपायचं त्याची. पोराने तिन्ही चकत्या पार टोकापर्यंत फिरवल्या. "फुल करून दिलं काकू." गावातले वायरमन सगळंच फुल करून देतात.

पहिल्या रात्री दिवा किती वेळा लागला ते मी मोजलं. साडेअकरापर्यंत एकोणीस वेळा. मोत्या कुत्रा आला, लागला. मोत्या परत गेला, लागला. मांजर, शेजारची गाय, रस्त्याने जाणारी मोटरसायकल. एकदा तर कोणीच नव्हतं. बॅटरी मारून पाहिलं तर सेन्सरच्या डोळ्यावर पाल बसली होती. समोरचे काका सकाळी तंबाखू मळत म्हणाले, "बाई, तुमच्या घरी रात्रभर लगन होतं काय?" त्यांची बाज नेमकी आमच्या दिव्याच्या तोंडासमोर.

चार-पाच रात्री मी दर वेळी उठून पाहिलं. सहाव्या रात्री कूस बदलली. दहाव्या रात्री दिवा लागला की विझला हेही मला कळलं नाही. आणि इथेच हा दिवा बाद होतो. चोराच्या आधी घरच्यांना त्याची सवय होते.

मी तो काढूनच टाकणार होते. पण यांना यंत्राची ओढ. मोटर उघडून बसणारा माणूस. एका रात्री, ओलिताची पाळी नव्हती तेव्हा, आम्ही दोघांनी त्याची परीक्षा घेतली. लेकरं झोपल्यावर मी छपरीत बाजेवर वही घेऊन बसले आणि हे आंगणात चोर झाले. आधी कुंपणाच्या कडेकडेने आडवे चालत गेले. दहा पावलांवरूनसुद्धा दिवा लगेच लागला. मग फाटकातून सरळ माझ्याकडे, नाकासमोर चालत आले. दिवा लागेना. अर्ध्या आंगणात आले, तुळशीपर्यंत आले, लागेना. पार छपरीच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा लागला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. म्हणजे बाजूने जाणारा कुत्रा त्याला दिसत होता आणि फाटकातून सरळ दाराशी येणारा माणूस दिसत नव्हता!

याचं कारण यांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून शोधलं आणि मला कोळशाने भिंतीवर काढून दाखवलं. हा सेन्सर स्वतः कुठली किरणं सोडत नाही, फक्त बघतो. आपल्या अंगातून डोळ्यांना न दिसणारी उष्णतेची किरणं सतत निघत असतात, तेवढीच तो टिपतो. आत त्याचे दोन कप्पे शेजारी शेजारी असतात. ऊब एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकली की त्याला कळतं, काहीतरी हललं. वरचा पांढरा फुगा म्हणजे बारीक बारीक भिंगांची गोधडी. तिच्यामुळे समोरच्या जागेचे पंख्यासारखे पट्टे पडतात. आडवा चालणारा माणूस पट्टे ओलांडत जातो, म्हणून चटकन सापडतो. सरळ अंगावर येणारा एकाच पट्ट्यात राहतो, म्हणून उशिरा. सेन्सरवर लिहिलेले आठ-दहा मीटर हे आडवं जाणाऱ्याचे. सरळ येणाऱ्याचे नव्हेत.

मग जागा बदलली. आता तो दाराच्या डोक्यावर नाही. आंगणाच्या उजव्या कोपऱ्यात, माणसाच्या डोक्याच्या वर दीड-दोन फूट, असा की फाटकातून दाराकडे येणाऱ्याला त्याच्यासमोरून आडवंच जावं लागतं. उंच लावला की पायाखालची जागा सुटते आणि रस्त्यावरचं सगळं दिसतं. आम्हाला उलटं पाहिजे होतं. रस्त्याकडचा भाग झाकायला यांनी फुग्याच्या डाव्या बाजूला काळी इन्सुलेशन टेप चिकटवली, आणि मोत्यासाठी खालच्या बाजूला एक पट्टी. पाच रुपयांच्या टेपने जे झालं ते त्या तीन चकत्यांनी झालं नव्हतं. एकोणीस वेळा लागणारा दिवा रात्रीतून तीन-चार वेळा लागायला लागला. पाऊस-वाऱ्यात धूळ जाऊ नये म्हणून वायरमन पोराने तो खिडकीच्या काचेआड लावून दिला असता. बरं झालं आम्ही ऐकलं नाही. काचेतून ती ऊब पलीकडे जातच नाही, काचेमागचा सेन्सर आंधळा.

मे महिन्यात नवीनच. आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, आणि रात्री अकरालाही भिंतीला हात लावावा तर चटका. आम्ही सगळे आंगणात बाजा टाकून झोपलो होतो. हे कोठ्याकडून आले, माझ्या बाजेशी उभे राहिले, तांब्या उचलून पाणी प्याले, आणि दिवा काही लागेना. मला वाटलं बिघडला. बिघडला नव्हता. माणसाचं अंग सदतीस अंशांचं आणि आंगणातली फरशी, भिंत, हवा सगळी त्याच्याच आसपास. त्याने वेगळं काय ओळखायचं? थंडीत दहा पावलांवरून ओळखणारा दिवा आमच्या उन्हाळ्यात तीन-चार पावलांवर येतो. डब्यावर हे कुठे लिहिलेलं नसतं. विदर्भात विकायचा असेल तर लिहायला पाहिजे. नशीब एवढंच की मेमध्ये घरात कापूस नसतो आणि आपणच आंगणात झोपलेले असतो.

वायरमन पोरगं तेव्हा म्हणालं, मायक्रोवेव्हचा घ्या, त्याला उन्हाचं काही नाही. तो उष्णतेवर चालत नाही, लहरी सोडून हललेलं पकडतो, हे खरं. सेलूच्या एका दुकानदाराने आपल्या गोदामात बसवला आहे. पण तो लाकडी दारापलीकडचं, पातळ भिंतीपलीकडचंही पकडतो, हलणाऱ्या फांदीलाही लागतो. आमच्या आंगणात कडुनिंब. आम्ही नाही घेतला.

पावसाळ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण चोरापेक्षा सापाची भीती मला जास्त. पांढऱ्याफट उजेडावर किडे किती येतात ते तुम्हाला माहीतच आहे. किड्यांवर बेडकं, पाली, आणि बेडकांवर ते. संडासाच्या वाटेवर आम्ही दुसरा सेन्सर लावला होता, तो आधी दाराच्या अगदी डोक्यावर होता. एका रात्री दिवा लागला आणि उंबऱ्याशी सात-आठ बेडकं बसलेली, पाहुण्यांसारखी. दुसऱ्या दिवशी यांनी बल्ब काढून पिवळ्या उजेडाचा लावला आणि तो दारापासून चार हात लांब, बाजूच्या खांबावर नेला. पिवळ्यावर किडे कमी येतात. सेन्सर असल्याने तो रात्रभर जळत नाही, म्हणून गर्दी जमतच नाही. सेन्सरचा खरा फायदा मला इथे दिसला. आत्याबाईंना रात्री दोनदा उठावं लागतं. आधी भिंत चाचपत जायच्या, आता उंबऱ्याबाहेर पाय टाकला की उजेड. पहिल्यांदा लागला तेव्हा त्या दचकून "कोन आहे वो?" म्हणाल्या होत्या.

आता चोरी.

२०२४ च्या नोव्हेंबरात, वेचणी ऐन भरात असताना, आमच्या घरी चोरी झाली. दिवसा. दुपारी बारा ते चारच्या मध्ये. वेचणीच्या दिवसांत गाव दुपारी कसं असतं ते तुम्ही विसरला असाल ताई. चालती-फिरती सगळी माणसं वावरात, लेकरं शाळेत. त्या दिवशी आत्याबाईही नातेवाइकाकडे गेलेल्या. सांदवाडीचं मागचं दार कोयंड्यासकट उपसलं होतं. कपाटातले अकरा हजार, जे मी कापूस वेचणाऱ्या बायांच्या मजुरीसाठी आणून ठेवले होते, आणि आत्याबाईंच्या माहेरचा पाण्याचा पितळी गुंड. कापसाला कोणी हात लावला नव्हता, भरदिवसा ट्रॅक्टर कोण लावेल? रिपोर्ट लिहिला. नवीन कायद्याची, म्हणजे भारतीय न्याय संहितेची कलमं, ३०५ आणि ३३१, माझ्या अजून लक्षात आहेत, कारण शिपाईदादाने ती मला दोनदा वाचून दाखवली. तो पितळी गुंड काही परत मिळाला नाही.

तीन दिवे, दोन सेन्सर, काळी टेप, कोळशाचं चित्र, आणि चोर उन्हात आला. दिव्याच्या दुसऱ्या चकतीला आम्हीच सांगून ठेवलं होतं ना, अंधार पडल्याशिवाय डोळा उघडू नको म्हणून. यांनी त्या संध्याकाळी सेन्सरकडे असं पाहिलं की मला वाटलं आता काठीने फोडतात.

मागचं दार आता आतून आडणा लावून बंद असतं, कोयंड्याला आरपार बोल्ट. खर्च सव्वादोनशे. हा खर्च दिव्यांच्या आधी करायचा होता. आणि समोरच्या काकूंना गुडघ्यांमुळे वावरात जाणं होत नाही, त्या दुपारभर ओट्यावर तूर निवडत बसतात. वेचणीला जाताना मी त्यांना सांगून जाते. पूर्वी सांगायची पद्धत होतीच, आम्हीच दिव्यांच्या भरवशावर सोडली होती.

मग दिवे काढले का? नाही. उलट एक वाढवला, पण घराच्या आत. चोरी झाल्यावर मला झोप लागत नव्हती. रात्रीची पाळी असली की मी दर अर्ध्या तासाने खिडकी उघडून आंगणातला दिवा लागला आहे का ते पाहायची. एका रात्री हे वैतागले, "त्या दिव्यानं तुले उठवावं का तू त्याले?" तेव्हा माझ्या डोक्यात आलं, दिवा बाहेर लागतो, पण मी आत आहे. खिडक्या बंद, थंडी, गोधडी डोक्यावर. तो लागला हे मला कळणार कसं? चोराला तेवढं कळतं!

वायरमन पोराला बोलावलं. सेन्सरमधून तीन वायरी निघतात, त्यातली एक बल्बकडे जाते. त्याच वायरीवरून त्याने एक फाटा घरात घेतला आणि माझ्या उशाशी, भिंतीवर, लाल रंगाचा झिरो बल्ब लावून दिला. बाहेरचा लागला की आतला लागतो, दोन मिनिटांनी दोन्ही विझतात. सांदवाडीच्या सेन्सरचा हिरवा. लाल म्हणजे फाटक, हिरवा म्हणजे मागे. वायर आणि मजुरी धरून दोनशे चाळीस रुपये. यांना घंटी लावायची होती, मी नाही म्हटलं. लेकरं उठली असती, आणि चोरालाही कळलं असतं की आत कळलं.

जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, लाल झिरो लागला. घड्याळात सव्वादोन. मोत्या त्या दिवसांत यांच्यासोबत वावरात जायचा, त्यामुळे कुत्रा नव्हे. मांजराला तो टेप लावल्यापासून लागत नाही. मी उठले आणि, अजून माझं मला आश्चर्य वाटतं, सरळ दार उघडून छपरीत गेले.

बाहेर छपरीसमोरची जागा लख्ख उजेडात. आणि त्या उजेडापलीकडे काहीच दिसेना. फाटक काळं, कुंपण काळं, बैलबंडी उभी होती ती काळी. मी डोळ्यांवर हात धरला तरी काही नाही. आणि मग कळलं की मी उजेडात उभी आहे आणि तो अंधारात आहे, जो कोणी असेल तो. त्याला माझं लुगड्यावरचं स्वेटरसुद्धा दिसत असेल. आत्याबाईंचं ते वर्षापूर्वीचं वाक्य मला तेव्हा आठवलं.

बंडीमागे कोणीतरी खोकलं. खोकला दाबल्यासारखा.

मी मागे वळून घरात मोठ्याने हाक मारली, "अहो, उठा बरं, भाऊजींनाही उठवा!" घरात ना हे होते ना भाऊजी. आत्याबाई तेवढ्यात जाग्या झाल्या आणि त्यांनी जो आवाज काढला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. "कोन रे तो! आन रे ते कुऱ्हाड!" समोरच्या काकांचा दिवा लागला. फाटकाची कडी वाजली, रस्त्याने धावणारी पावलं, एक की दोन ते मी सांगू शकत नाही, आणि लांबवर मोटरसायकल चालू झाली. सकाळी बंडीमागे दोन रिकामे बारदाने सापडले. कापसाला आले होते की आणखी कशाला, कोण जाणे.

त्यानंतर दिव्याची जागा तिसऱ्यांदा बदलली. सेन्सर तिथेच राहिला, बल्ब तेवढा हलवला. आता तो कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबावर आहे आणि त्याचा उजेड फाटकावर आणि बंडीवर पडतो, छपरीवर नाही. छपरी अंधारात. आता मी दाराच्या फटीतून पाहते आणि येणारा उजेडात असतो. सेन्सर आणि बल्ब वेगवेगळे घेण्याचा हा फायदा. एकाच डब्यात दोन्ही असलेला घेतला तर तो जिथे पाहील तिथूनच उजेड पाडेल. ताई, घेणार असाल तर वेगळेच घ्या, दिसायला ओबडधोबड वाटले तरी. आणि दार उघडून बाहेर जाऊ नका.

राहता राहिली लाइन. गावठाणाची लाइन गेली की हे सगळं बंद, आणि डीपीवरचा फ्यूज उडाला तर रात्र गेलीच. लाइन परत येते तेव्हा सेन्सरला शुद्धीवर यायला अर्धा-एक मिनिट लागतं, तेवढा वेळ दिवा उगाच लागून राहतो. सुरुवातीला मी लाल झिरो पाहून घाबरायची. आता आधी पंखा किंवा फ्रिजचा आवाज ऐकते. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम लागले तर ती लाइन, एकच लागला तर माणूस. शेजारी इन्व्हर्टरवर टाका म्हणतात. एवढ्याशा ओझ्याला इन्व्हर्टर काही दमणार नाही, पण आमच्याकडे इन्व्हर्टर नाही.

रानडुकराचं आणि रोह्याचं, म्हणजे नीलगायीचं, विचारू नका. सांदवाडीत डुकरं आली तेव्हा हिरवा झिरो लागला. पहिल्या रात्री उजेडाने पळाली. तिसऱ्या रात्री त्याच उजेडात निवांत रताळी उकरत होती. बिबट्यासाठी वनखात्याची माणसं कोठ्याजवळ उजेड ठेवा म्हणतात, तेव्हा कोठ्यावर आम्ही साधा एलईडी रात्रभर चालू ठेवतो. तिथे सेन्सर लावलाच नाही. बैल शेपटी हलवत राहणार आणि दिवा डोळा मारत राहणार.

यंदा यांनी सौर पंपासाठी अर्ज केला आहे. पंप मिळाला तर ओलीत दिवसाच होईल आणि हे रात्री घरी राहतील. मी म्हटलं, मग तो लाल झिरो काढून टाकू, रात्री उगाच डोळ्यांवर येतो. हे म्हणाले, ठीक आहे. आत्याबाई बाजेवर वाती वळत बसल्या होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "लाल काढ. हिरवा रायू दे. मी संडासाले गेली आन परत आली का नाही, हे तुले इथूनच दिसते."

मला हे माहीतच नव्हतं. त्या जाताना एकदा हिरवा लागतो, येताना एकदा. परवा रात्री मी झोपेतच दुसऱ्याची वाट पाहत होते.